चौथी ‘ब’चा तुरुंग

परवा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी गच्चीत मिरच्या वाळत घातल्या आणि मला एकामागून एक अशा शिंका सुरू झाल्या, की सून स्वयंपाकघरातून धावत आली. "आई, सर्दी झाली का?" म्हटलं, सर्दी कसली, मे महिना झालाय. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचा तरी काय दोष? माटुंग्याला आता मसाला पुडीतून येतो. मे महिना डोळ्यांना दिसायच्या आधी नाकात कसा शिरतो, हे कळायला लालबागच्या आसपास एखादा उन्हाळा काढावा लागतो.

आमचं शिबिर तिथे भरायचं. लालबाग आणि परळ यांच्या मधल्या एका म्युनिसिपालिटीच्या शाळेत. शाळेच्या पाठीमागे मसाले कुटणाऱ्यांची दुकानं होती आणि मे महिन्यात त्यांची यंत्रं पहाटेपासून धडधडायची. आम्ही पोरं पटांगणात रांगा करून उभी. समोर अण्णा. अण्णा म्हणजे आमचे शिबिरप्रमुख. एरवी शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मे महिन्यात स्वतःच्या सुट्टीचं वाटोळं करून आमची सुट्टी सजवायचे. ते म्हणायचे, "दीर्घ श्वास घ्या." आम्ही घ्यायचो. "सोडा" म्हणायची वेळच यायची नाही. पहिली रांग शिंकायची, मग दुसरी, मग अण्णा स्वतः. धणे, मिरची, दगडफूल, सगळं छातीत भरून घेऊन आमचा दिवस सुरू व्हायचा.

माझी नात यंदा कुठल्याशा कॅम्पला लीडर म्हणून जाते आहे. कर्जतच्या पुढे, नदीकाठी, तंबूत. तिची पाठीवरची पिशवी माझ्या लग्नातल्या ट्रंकेपेक्षा मोठी आहे. सामान भरता भरता तिनं विचारलं, "आजी, तुमचा कॅम्प कुठे असायचा?"

"घरासमोर," मी म्हटलं.

ती पोट धरून हसली. हसू दे. पण आमचं शिबिर म्हणजे तसंच होतं. रस्त्याच्या एका बाजूला चाळी आणि दुसऱ्या बाजूला शाळा. पोरं वळकटी, ताट, लोटा घेऊन घरातून निघायची, आयांच्या पाया पडायची, आया डोळ्यांना पदर लावायच्या, आणि मग ही मंडळी रस्ता ओलांडून शाळेत राहायला यायची. आठवडाभर! शाळेच्या खिडकीतून स्वतःच्या घराची गॅलरी दिसायची. वाळत घातलेला बापाचा सदरा ओळखू यायचा. म्हणून शिबिराचा पहिला नियम असा, की घराकडे बघायचं नाही आणि हात तर मुळीच हलवायचा नाही. आपण लांब आलो आहोत, असं समजायचं. पोरं बिचारी समजायचीसुद्धा. पण आयांना कोण समजावणार? संध्याकाळी पंगत बसली की तिसऱ्या मजल्यावरून हाक यायची, "बाळ्या, जेवलास काय रे?" आणि बाळ्या लांबच्या मुलखात गेलेला असल्यामुळे भाताच्या ताटाकडे बघून मुळुमुळू रडायचा.

मी मात्र खरंच लांबून यायची. आम्ही नायगावला पोलीस लाइनीत राहायचो. बाबा हवालदार. मी पहिल्यांदा शिबिरात गेले तेव्हा अकरा वर्षांची असेन, आणि हवालदाराची मुलगी असणं ही त्या काळी मोठीच पुण्याई होती. कारण शिबिरातला राजा खेळ म्हणजे चोर-शिपाई. अख्खी शाळा खेळायला. तीन मजले, दोन जिने, पटांगण. तळमजल्यावरचा चौथी ‘ब’चा वर्ग हा तुरुंग. आणि शिपाई व्हायला ही मारामारी! चोर कोणीही होईल, पण कमरेला पट्टा बांधून, "ए, थांब!" म्हणून दरडावण्यातली ऐट कोण सोडेल? मी बाबांचा एक जुना पट्टा घेऊन जायची. तो दोन वेढे घेऊन माझ्या कमरेला बसायचा. पट्टा माझा, म्हणून शिपाई मी. कुणाची तक्रार नसायची.

आमच्या गटाची ताई होती सुमनताई. गोरीपान नव्हती, सुरेख गात नव्हती, पण तिनं "ए, चला रे" म्हटलं की चाळीसभर वाह्यात कार्टी उठून चालायला लागायची. तिच्या गळ्यात काळ्या दोरीत एक शिट्टी असायची. मला तेव्हा डॉक्टर व्हायचं नव्हतं, मास्तरीण व्हायचं नव्हतं. मला ताई व्हायचं होतं. कोणीतरी लहानग्यानं गुडघा फुटल्यावर आईला हाक न मारता "ताई" म्हणून माझ्याकडे लंगडत यावं, एवढंच स्वप्न. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा ते फार मोठं वाटायचं आणि खरं सांगू, अजूनही काही लहान वाटत नाही.

मॅट्रिकची परीक्षा झाली त्या मे महिन्यात अण्णा स्वतः लाइनीत आले. चहा प्यायले आणि म्हणाले, "शालन, यंदा एक गट तुझा. तू ताई." मी आत जाऊन आईला घट्ट मिठी मारली. आईनं तिची नवी पाचवारी काढून दिली. बाबा नुसते मिशीतल्या मिशीत हसले. त्या दिवसांत ते तेवढंच हसायचे.

ते छप्पन साल होतं. त्या हिवाळ्यात गिरणगावात काय झालं, ते त्या भागातल्या माणसाला सांगायला नको आणि दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून माणसं रस्त्यावर आली, त्यांच्यावर लाठ्या चालल्या, अश्रुधूर झाला, गोळ्यासुद्धा सुटल्या. आणि ज्यांनी बंदोबस्ताला उभं राहायचं, तीही आमच्याच गावची, आमच्याच बोलीची माणसं. बाबा देवगडच्या बाजूचे. ते ड्यूटीवरून यायचे, मोरीत बसून कितीतरी वेळ डोळ्यांवर पाणी मारायचे आणि न बोलता जेवायचे. एकदा आईनं विचारलं, "तुमका काय वाटता? मुंबई मेळूक होयी ना आपणाक?" बाबा म्हणाले, "टोपी सरकारची, डोक्यां माजां." आई बाजारात गेली की भाजीवाली म्हणायची, "पोलिसांना भाव वेगळा हाय, बाई." आई मुकाट्यानं तो वेगळा भाव देऊन यायची.

मला वाटत होतं, हे सगळं मोठ्या माणसांचं. पोरांचं काय त्यात!

पहिल्या सकाळी माझा गट रांगेत उभा होता. मी ऐटीत शिट्टी वाजवली आणि म्हटलं, "मी शालनताई." रांगेतून एक मुलगी पुढे आली. दहा-अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, कानात डुलणारं काही नाही, पण जीभ अशी की डुलांची उणीव भासू नये. कुंदा तिचं नाव, समोरच्याच चाळीतली.

"तुम्ही नायगावच्या पोलीस लाइनीतल्या ना?"

"हो."

"मग आमी नाय ताई बोलणार तुमाला. माझ्या दादाचा हात मोडलाय पोलिसांनी."

झालं. तिचा दादा वसंत गिरणीत होता. पाडव्याच्या सुमारास एका मोर्चात त्याच्या उजव्या हातावर लाठी बसली होती आणि हात प्लास्टरमध्ये होता. गणपती बघायला यावी तशी चाळीतली माणसं तो हात बघायला येऊन जायची. लाठी कुणाची होती, हे त्यालाही माहीत नव्हतं. पण लाठीला पत्ता नसला तरी पोलीस लाइनीला होता, आणि तिथून मी आले होते.

त्या दिवसापासून माझं नाव पडलं ‘शिट्टी’. "ओ शिट्टी, पाणी संपलं." "ओ शिट्टी, गण्या मारतोय." बाकीच्या गटांतून "ताई, ताई" असा चिवचिवाट चाललेला आणि माझ्या गटात मी शिट्टी. गुडघे माझ्या गटातही फुटत होते; पण पोरं लंगडत शेजारच्या गटाच्या ताईकडे जायची. मी आयोडिनची बाटली हातात धरून उभी. तेव्हा जे रडू यायचं ना, ते मी मसाल्याच्या नावावर खपवायची. लालबागची ती एक सोय होती.

अण्णांच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "शालन, रविवारी समारोप. तोवर बघ. नाहीच जमलं तर तुला कोठीवर देतो. तिथेही माणूस लागतंच. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू." फार मायेनं बोलले ते, म्हणून जास्त लागलं. तांदूळ-डाळ मोजून द्यायला मी आले नव्हते. मला त्या पोरांची ताई व्हायचं होतं, आणि ती पोरं मला होऊ देत नव्हती.

त्यातून तो खेळ. चोर-शिपाई! मी मोठ्या हौसेनं पट्टा नेला होता. विचारलं, "शिपाई कोण होणार?" एकही हात वर नाही. ज्या पट्ट्यासाठी आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटायचो, तो मी हातात धरून उभी होते आणि पोरं त्याच्याकडे साप बघावा तशी बघत होती. "बरं, चोर कोण होणार?" तर गण्या म्हणाला, "चोर नाय. आमी सत्याग्रही." सगळे सत्याग्रही! म्हटलं, ठीक आहे, शिपाई मीच होते. पदर खोचला, शिट्टी वाजवली आणि धावले.

कुणी पळेचना.

उलट पोरं माझ्याच दिशेनं यायला लागली. छाती पुढे काढून, "झालाच पाहिजे! झालाच पाहिजे!" ओरडत, चौघं-चौघं मिळून सरळ चौथी ‘ब’च्या वर्गात जाऊन बसली. मी कुणाला हातही लावला नव्हता. एवढ्याशा वेळात अख्खा गट तुरुंगात, आणि बाहेर मी एकटी. आत घोषणा, टाळ्या, बाकं वाजवणं. कारण पकडलं जाण्यात लाज कुठली? त्या वर्षी त्यांचे बाप, काका, भाऊ तुरुंगात जाऊन आले होते आणि येताना त्यांच्या गळ्यात हार पडले होते. ज्या खेळात सगळ्यांनाच पकडलं जायचंय, त्यात धावायचं कुणी? दुसऱ्या दिवशीही तेच. अण्णांनी डोक्याला हात लावला. समारोपाला पालकांसमोर हा खेळ व्हायचा होता.

नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात, ग्रुप ऐकत नसेल तर काय करायचं ते. सर्टिफिकेटपण देतात." मी म्हटलं, छान आहे. आम्हाला कुणी काही शिकवलं नव्हतं. मला जे सुचलं ते रागातून सुचलं. तिसऱ्या दिवशी पोरं पुन्हा हार घालून घ्यायला निघाल्यासारखी तुरुंगाकडे चालली, आणि मी इतकी वैतागले, की चौथी ‘ब’च्या दारात आडवी उभी राहिले.

"कुणी आत जायचं नाही. मी आज कुणालाही पकडणार नाही."

"असं कसं?" गण्या म्हणाला. "आमी सत्याग्रह केलाय!"

"केलात तर केलात. पोलिसानं पकडल्याशिवाय तुरुंगात जाता येत नाही. आणि हा पोलीस पकडत नाही."

पोरं चक्रावली. मग कुंदा पुढे झाली. "पण आमीच हात लावला तर? मग तर पकडावंच लागेल ना?"

"लावून तर दाखव!" मी म्हटलं, आणि पळाले.

काय सांगू ते पळणं! पुढे मी, साडी गुडघ्यापर्यंत वर धरलेली, शिट्टी उडतेय, आणि मागे अख्खा मोर्चा, "पकडा, आम्हाला पकडा!" म्हणून आरडत. पहिला जिना, दुसरा जिना, वरच्या मजल्यावरचा तो लांबलचक वऱ्हांडा. मी एका वर्गातून शिरायची, दुसऱ्यातून निघायची. पाण्याच्या पिंपाआड दडले, तिथून गण्यानं हुसकलं. स्वयंपाक करणाऱ्या बायका झारे हातात घेऊन बाहेर आल्या. शेजारच्या गटांतली पोरं आपापले खेळ टाकून सत्याग्रहात सामील झाली. जगात कुठे असा पोलीस झाला नसेल, की जो पळतोय आणि लोक तुरुंगात जाण्यासाठी त्याच्या मागे लागलेत. मी हसत होते, धापा टाकत होते, आणि त्या गदारोळात माझ्या कानावर आलं, "ताई, थांब ना गं! ताई, मला आधी!"

गण्याचा आवाज होता तो. मग दुसऱ्या कुणाचा. मग सगळ्यांचाच. कुणी ठरवून म्हणत नव्हतं. पळणाऱ्या माणसाला हाक मारायला ‘शिट्टी’ हे नाव फार गैरसोयीचं पडत असावं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की मी जिन्यावर बसकणच मारली आणि सगळ्यांनी माझ्या अंगावर उड्या घेतल्या.

कुंदा मात्र नाही. तिनं पदर धरला होता, सगळ्यांत आधी तिनंच धरला होता. "धरलं. मी चालले जेलमध्ये," एवढंच म्हणाली आणि ताठ मानेनं चौथी ‘ब’त गेली. ताई म्हणाली नाही. पुढचे दिवसही नाही. तिचा मला राग येत नव्हता. सबंध गटात भावाशी इतकी इमानी तीच एक होती. पण कोठीवरची टांगती तलवार गेली तरी माझ्या मनात तिचा तो एक शब्द अडकून राहिला. तिनं म्हटल्याशिवाय मी ताई झाले असं मला वाटेना.

रविवारी संध्याकाळी समारोप. पटांगणात सतरंज्या, रस्त्यापलीकडच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. वसंतही आला होता, प्लास्टरचा हात गळ्यात बांधून, सगळ्यांत पुढे खुर्चीवर. आणि फाटकातून आई आणि बाबा आले. बाबा सदरा-लेंग्यात होते. पण मिशा काही घरी ठेवून येता येत नाहीत, आणि चालणं तर नाहीच. बायका एकमेकींच्या कानाशी लागल्या. बाबा भिंतीपाशी, सगळ्यांत मागे उभे राहिले. वाटलं, कशाला आले? आणि लगेच वाटलं, का येऊ नये? माझेच बाबा ना?

खेळ सुरू झाला. मी धावले, मागे सत्याग्रही. आणि जिथे हशा पिकायला हवा होता तिथेच मी निरीत पाय अडकून आडवी झाले. घोटा मुरगळला. उभं राहवेना. आता?

"पोलीस पाहिजे! पोलीस पाहिजे!" पोरं ओरडायला लागली. समोर एवढी माणसं. पण त्या जमावात, त्या साली, खेळातसुद्धा पोलीस व्हायला कोण उठणार? अण्णा चष्मा पुसायला लागले.

कुंदा रांगेतून निघाली. सतरंजीवरच्या बायकांना ओलांडत सरळ मागच्या भिंतीपाशी गेली आणि बाबांच्या समोर उभी राहिली.

"तुमी धावता?"

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग त्या एवढ्याशा मुलीकडे. मग हळूच चपला काढल्या आणि भिंतीशी नीट लावून ठेवल्या.

तरीही ते धावेनात. एवढ्या माणसांसमोर त्यांचे पाय उचलत नव्हते. तेवढ्यात पुढच्या खुर्चीवरून वसंताचा आवाज आला, मोठ्ठा, गिरणीत यंत्रांवरून ओरडायची सवय असलेला:

"पळा हवालदार, पळा! आज तुमची पाळी!"

आणि हशाचा असा लोट उठला, की पलीकडच्या गॅलऱ्या हलल्या. बाबा पळाले. पोट सावरत, लेंगा वर धरत, मिशीतून नाही तर तोंडभर हसत. मागे पन्नास पोरं, "पकडा, पकडा!" गॅलऱ्यांतून बायका ओरडताहेत, "डावीकडून, डावीकडून! हवालदार, मागे बघा!" दोन फेऱ्या झाल्या, तिसरीला कुंदानं त्यांचा सदरा गच्च धरला. बाबांना उभं राहवत नव्हतं. ते गुडघ्यांवर हात टेकून हसत होते.

कुंदा तुरुंगात गेली नाही. तिनं बाबांचा हात धरला आणि त्यांना ओढत वसंतासमोर नेलं. मी लंगडत मागे गेले, काय होतंय या धास्तीनं.

"दादा," ती म्हणाली, "हे आमच्या ताईचे बाबा."

बाबांनी हात जोडले. वसंतानं डावा हात कपाळाला लावला. "लय पळवलं पोरांनी," तो म्हणाला.

"हात कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"बरा होतोय. प्लास्टर निघेल आता." मग वसंतानं शेजारच्या पोराला खुर्चीवरून उठवलं. "बसा ना हवालदार. दम खा."

बाबा बसले. कुणीतरी त्यांना पन्हं आणून दिलं. मी कुंदाजवळ गेले. तीच म्हणाली, "ताई, पाय दाखव. जास्त लागलं काय?"

परतताना आई माझी वळकटी घेऊन पुढे चालत होती. मी बाबांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत होते. परळ मागे पडलं. मग एका दिव्याखाली ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"आज इतकी माणसां माझ्या नावान आरडली गे. पण एकान पण शिवी घातल्यान नाय."